नादारीचा अर्ज आणि फाइलिंगची खिडकी

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय, 'कोर्ट फीची माफी: तीन सूचना'. त्या सूचना मी करणार आहेच, पण आजचा रस्ता कसा आहे आणि माणूस त्यावर नेमका कुठे अडतो, हे आधी कळलं नाही तर त्या हवेतच राहतील. समोर बचत गटांच्या ताई दिसतायत, निवृत्त शिक्षक आहेत, कायद्याच्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली आहेत. तेव्हा दावा म्हणजे काय, वादी कोण, प्रतिवादी कोण, यात वेळ घालवत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्याच्याकडे दावा दाखल करण्याची कोर्ट फी भरायला पैसे नाहीत त्याला दिवाणी प्रक्रिया संहितेनं, म्हणजे दिवाणी दावे कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्यानं, माफी दिलेलीच नाही. आज भरू नकोस, निकाल लागल्यावर बघू, एवढंच ती म्हणते. वाण्यानं वहीत मांडून माल द्यावा तसा हा व्यवहार आहे. सरकार त्यात फारसं काही गमावत नाही. तरीही नादारीचा अर्ज करून तेवढी उधारी मिळवताना वकील नसलेल्या माणसाची इतकी दमछाक होते की बरेच जण दावाच सोडून देतात. हे मला अजिबात मान्य नाही.

सुरुवात फाइलिंगच्या, म्हणजे कोर्टात कागद दाखल करायच्या, खिडकीपासून करू, कारण पहिली चूक तिथेच होते. कोर्ट फीचं तिकीट आणि स्टॅम्प पेपर यांतला फरक ज्यांना माहीत आहे त्यांनी हात वर करा. ... सात-आठ. कायद्याची मुलं वगळली तर तीन. (हशा) यात तुमचा दोष नाही, दोन्हीला आपण 'स्टॅम्प'च म्हणतो. स्टॅम्प पेपर मुद्रांक कायद्याखाली येतो. खरेदीखत, भाडेकरार, गहाणखत असल्या दस्तांसाठी तो लागतो. कोर्ट फी वेगळ्या कायद्याखाली येते. आपल्या राज्यात तो १९५९ चा कोर्ट फी अधिनियम. ती तिकिटं लावून किंवा ऑनलाइन भरून पावती जोडायची असते. दाव्याची फी म्हणून कुणी स्टॅम्प पेपर घेऊन आला तर तो पैसा त्या दाव्यात धरला जात नाही. पेपर परत करून पैसे मिळवायला वेगळा अर्ज, वेगळी मुदत, वेगळी कपात.

आता ज्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो ती. फी माफीचा अर्ज करायचा म्हणजे उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. माणूस कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या टेबलापाशी जातो. तिथे त्याला पहिला प्रश्न येतो, 'स्टॅम्प पेपर आणलाय का?' ऑक्टोबर २०२४ पर्यंत तो शंभराचा होता, आता पाचशेचा. म्हणजे माझ्याकडे पैसे नाहीत हे शपथेवर सांगण्यासाठी पाचशे रुपये काढायचे. टायपिंगचे वेगळे, नोटरीचे वेगळे. पाचशे रुपये म्हणजे शेतमजूर बाईची एक-दोन दिवसांची मजुरी, शिवाय त्या दिवशीचा खाडा आहेच.

आणि हे पाचशे मुळात लागतच नाहीत. शासनाच्या १ जुलै २००४ च्या अधिसूचनेनं जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला यांच्यासाठीची आणि सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात दाखल करायची प्रतिज्ञापत्रं मुद्रांक शुल्कातून सोडली. त्याला वीस वर्षं उलटून गेली. साध्या कोऱ्या कागदावर प्रतिज्ञापत्र टाइप करायचं, किंवा स्वच्छ अक्षरात हातानं लिहायचं, आणि कोर्टात शपथ देणारा अधिकारी असतो त्याच्यासमोर सही करायची. नोटरीकडे जाण्याचीही गरज नाही. तरी टेबलावर पेपर मागितला जातो, कारण टाइप करणाऱ्याला तीच सवय आहे, आणि बिनस्टॅम्पचं प्रतिज्ञापत्र परत आलं तर शिव्या त्यालाच खाव्या लागतात. परत का येतं? खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचीही तीच सवय. कुणाच्याही मनात काळंबेरं नसताना वर्षानुवर्षं गरिबाच्या खिशातून पैसा जातो आहे. बचत गटाच्या ताईंना माझी विनंती आहे, त्या अधिसूचनेची एक छापील प्रत जवळ ठेवा. वाद घालू नका, आवाज चढवू नका, प्रत पुढे करा आणि म्हणा, 'साहेब, नाकारायचं असेल तर कारण लिहून द्या.' कारण लिहायची वेळ आली की पुष्कळदा कागद स्वीकारला जातो.

जाता जाता फीच्या इतिहासाबद्दल थोडं, कारण फी का घ्यायची हा वाद फार जुना आहे. १७९५ मध्ये बंगालमध्ये कंपनी सरकारनं एक विनियम काढून कोर्टाच्या फीचं समर्थन केलं होतं, की फी लावली म्हणजे लोक खोटे आणि फालतू दावे करणार नाहीत. ब्रिटिश अधिकारी मेकॉले यानं पुढे या युक्तिवादावर कडाडून टीका केली. फी खोट्या दाव्यालाही तितकीच आणि खऱ्या दाव्यालाही तितकीच. ती खोटेपणा अडवत नाही, गरिबी अडवते. १८७० मध्ये कोर्ट फीचा कायदा आला, आपल्याकडे त्याची जागा १९५९ च्या कायद्यानं घेतली. विधी आयोगानं १९५८ च्या चौदाव्या अहवालात बजावलं होतं की न्यायदान हे सरकारच्या कमाईचं साधन होता कामा नये. आणि २०१८ मध्ये आपल्या राज्यात मूल्यानुसार लागणाऱ्या फीची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली. तुम्ही म्हणाल, दहा लाख फी भरणारा माणूस श्रीमंतच असणार. तसं नसतं. अपघातात दोन्ही पाय गेलेल्या तरुणाची खरी नुकसानभरपाई मोठीच असते, आणि जितकी भरपाई मागाल तितकी फी चढत जाते. फी बघून माणूस मागणीच कमी करतो. त्याचं खरं नुकसान तिथे होतं, आणि ते कुठल्याही नोंदीत दिसत नाही.

आता दारं. फी न भरता किंवा कमी भरून आत जायला तीन दारं आहेत. लोक बहुतेक वेळा चुकीच्या दाराशी उभे असतात.

पहिलं दार म्हणजे सरसकट सूट. राज्य सरकारला १९५९ च्या कायद्याच्या कलम ४६ खाली फी कमी करायचा किंवा सोडून द्यायचा अधिकार आहे. त्याखाली १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना आहे. पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिला पक्षकाराला कोर्ट फी नाही. इथे उत्पन्न विचारायचं कारण नाही, दाखला नको, चौकशी नको. दाव्यात एक परिच्छेद घालायचा, 'वादी महिला असून अमुक अधिसूचनेनुसार कोर्ट फी माफ आहे', आणि प्रत जोडायची. पण एक सावधगिरी. 'मालमत्तेचा वाद' हे शब्द वाचून कुठल्याही बाईचा कुठलाही जमिनीचा दावा यात बसतो असं धरू नका. वैवाहिक संबंधातून उद्भवलेले मालमत्तेचे वाद, असा त्याचा अर्थ पुढे स्पष्ट करण्यात आला. भावानं बहिणीचा हिस्सा दिला नाही, तर त्या दाव्यासाठी दुसरं नाहीतर तिसरं दार धरावं लागतं.

याच पहिल्या दाराशेजारी एक खिडकी आहे, ती सांगतो आणि पुढे जातो. तक्रार वस्तू किंवा सेवेबद्दल असेल तर दिवाणी कोर्टाऐवजी ग्राहक आयोगात जा. तिथे मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांना चारशे. लक्षात घ्या, तिथे तुम्ही दिलेली किंमत बघतात, मागितलेली भरपाई नाही. चाळीस हजारांचा फ्रीज घेतला आणि दोन लाख भरपाई मागितली, तरी हिशेब चाळीस हजारांवरच.

दुसरं दार विधी सेवेचं, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीचं. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, कलम १२. महिला, बालक, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती, पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या आपत्तीत सापडलेली व्यक्ती, या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी आपल्या राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये. तालुका कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या ठिकाणी प्राधिकरण. फोन करायचा तर १५१००. लोकांना वाटतं इथे फक्त फुकट वकील मिळतो. विधी सेवेत कोर्ट फी, समन्स बजावणीची प्रोसेस फी, टंकलेखन, कागद तयार करणं हा खर्चही येतो. अर्जात तो वेगळा मागा, शब्दांत लिहून मागा. आणि कलम १३ म्हणतं की उत्पन्नाबाबत अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, त्यावर अविश्वास ठेवायला काही कारण असेल तरच पुढे विचारायचं. म्हणजे तहसीलदाराचा दाखला मिळेपर्यंत थांबायची सक्ती कायद्यात नाही.

तिसरं दार म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ३३. संहितेतला शब्द 'निर्धन व्यक्ती', कोर्टात अजूनही बोलतात 'नादारीचा अर्ज' किंवा 'पॉपर अर्ज'. स्वतः उभा राहणाऱ्या माणसासाठी हेच मुख्य दार, आणि मला सगळ्यात जास्त इथेच थांबायचं आहे.

नियम १ म्हणतो, दाव्याची फी भरण्याइतकी ऐपत ज्याच्याकडे नाही तो निर्धन. ऐपत मोजताना दोन गोष्टी बाजूला ठेवायच्या. जप्तीतून सुटलेली, म्हणजे वसुलीसाठी कोर्टाला जप्त करता येत नाही अशी मालमत्ता, आणि ज्या वस्तूवर दावा आहे ती. म्हणजे भिकारी असण्याची अट नाही. घर आहे, नोकरी आहे, तरी माणूस या दाव्यापुरता निर्धन असू शकतो, कारण माप त्या दाव्याच्या फीचं आहे. २०११ मध्ये मथाई पैकडे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 'पुरेशी साधनं' म्हणजे नेहमीच्या व्यवहारात कायदेशीर मार्गानं फीइतका पैसा उभा करण्याची क्षमता. ती बघताना नोकरी, निवृत्तिवेतनासह एकूण उत्पन्न, बोजा नसलेली आणि विकून पैसा करता येईल अशी मालमत्ता, डोक्यावरचं कर्ज, घरच्यांकडून किंवा जवळच्या मित्रांकडून मिळणारी मदत, हे सगळं बघायचं. यातलं 'कर्ज' हे लोक लिहितच नाहीत. लाज वाटते म्हणून असेल. पण कर्ज तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

अर्जाला मालमत्तेचं परिशिष्ट जोडावं लागतं, नियम २. अर्ज टिकतो की पडतो ते या एका पानावर ठरतं. तेव्हा एक परिशिष्ट ओळीओळीनं करून बघू. समजा कापडाच्या दुकानात काम करणारा माणूस आहे, पगार महिना सोळा हजार. त्याला नुकसानभरपाईचा दावा करायचा आहे आणि फी चाळीस हजार लागते, असं धरू.

पहिली ओळ, बँक खातं. शिल्लक तीन हजार दोनशे. पासबुकाची अर्जाच्या आठवड्यातली नोंद जोडा. दुसरं खातं असेल, बंद पडलेलं असेल, शून्य शिल्लक असेल, तरी लिहा. दुसरी ओळ, पगार. संहितेच्या कलम ६० प्रमाणे साध्या हुकूमनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या आदेशाच्या, वसुलीत पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. सोळा हजारांतून एक हजार वजा केले, उरले पंधरा. त्याचे दोन तृतीयांश दहा. सुटले अकरा हजार, जप्तीयोग्य राहिले पाच हजार. ही आकडेमोड परिशिष्टातच मांडा, साहेबांना करायला लावू नका. तिसरी ओळ, भविष्य निर्वाह निधी. जप्त होत नाही, पण लपवायचा नाही. रक्कम लिहून पुढे 'कलम ६० नुसार जप्तीमुक्त' असं लिहायचं. चौथी, जुनी मोटारसायकल, अंदाजे बावीस हजार, फायनान्सचे सहा हप्ते बाकी. ही धरली जाणार, पण बोजासकट. पाचवी, वडिलोपार्जित घरात चौथा हिस्सा. वाटणी झालेली नाही, घरात तिघं भाऊ राहतात, घरावर पतसंस्थेचा बोजा. हे शब्द लिहा, नुसतं 'घर, चौथा हिस्सा, किंमत तीन लाख' लिहिलं तर अर्ज तिथेच बुडाला. सहावी, भांडीकुंडी, अंथरुण-पांघरुण, कपडे. जप्तीमुक्त, एका ओळीत संपवा. सातवी, मोबाइल, सहा हजार. आठवी, बायकोचं मंगळसूत्र. ते त्याची मालमत्ता नाही, आणि धर्मरूढीप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने जप्तही होत नाहीत. तरी उलटतपासणीत हा प्रश्न हटकून येतो, म्हणून एक ओळ लिहून ठेवलेली बरी. नववी, कर्ज. पतसंस्थेचे साठ हजार, हातउसने पंधरा हजार. पतसंस्थेचा खातेउतारा जोडा.

ज्या भरपाईसाठी दावा आहे ती रक्कम परिशिष्टात मोजायची नाही. आणि शेती करणाऱ्यांसाठी, ज्या घरात शेतकरी स्वतः राहतो ते घर आणि शेतीची अवजारं जप्तीमुक्त आहेत. सातबारा जोडा, आणि त्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा असेल तर त्या नोंदीखाली पेन्सिलनं रेघ मारा, म्हणजे बघणाऱ्याची नजर तिथे जाईल.

चुका कुठे होतात? पहिली आणि मोठी, लपवणं. तीन हजारांचं खातं लपवल्यानं कुणी श्रीमंत ठरत नाही, पण समोरच्या वकिलानं ते खातं काढून दाखवलं की अर्जदाराच्या बाकीच्या आठही ओळींवरचा विश्वास जातो. खरं सांगून अर्ज मंजूर झाला असता, लपवून नामंजूर होतो. दुसरी, अर्ज मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या हाती पाठवणं. नियम ३ प्रमाणे अर्जदारानं स्वतः हजर राहून अर्ज द्यायचा असतो, कोर्टात हजर राहण्यापासून सूट असलेल्यांनाच प्रतिनिधी चालतो. अनेक वादी असतील तर एकानं दिला तरी पुरतो. तिसरी, अर्जाच्या आधीच्या दोन महिन्यांत मालमत्ता कुणाच्या नावावर करणं. आधी प्लॉट मुलाच्या नावे बक्षीसपत्रानं करून द्यायचा आणि मग नादार व्हायचं, हे नियम ५ मध्ये थेट अडवलेलं आहे. चौथी, 'तू खर्च कर, जिंकलो तर निम्मे तुझे' असा करार. असा करार असेल तरी अर्ज फेटाळला जातो. पाचवी, अर्जात दाव्याचं कारणच नीट न मांडणं. नादारीचा अर्ज हाच पुढे दावा म्हणून नोंदला जातो, म्हणून दाव्यात असतं ते सगळं त्यात हवं. कधी घडलं, कुणी केलं, नुकसान किती, या कोर्टाला अधिकार कसा, आणि शेवटी सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचं निवेदन, व सही. गरिबीवर चार पानं आणि दाव्यावर चार ओळी, असे अर्ज पडतात.

अर्ज दिल्यावर काय होतं? नियम १-अ प्रमाणे ऐपतीची चौकशी प्रथम कोर्टाच्या मुख्य कार्यालयीन अधिकाऱ्यानं करायची. अर्जदाराला शपथेवर प्रश्न विचारता येतात. अर्ज लगेच फेटाळण्यासारखा नसेल तर समोरच्या पक्षाला आणि सरकारी वकिलांना निदान दहा दिवसांची नोटीस देऊन सुनावणी ठेवायची. सरकारी वकील का, असं कायद्याच्या मुलांना वाटलं असेल. फी सरकारची, म्हणून. मंजूर झालं की दाव्याला नंबर पडतो. त्यानंतर त्या दाव्यातल्या किरकोळ अर्जांची फी नाही, प्रोसेस फी नाही. आणि नियम ९-अ प्रमाणे निर्धन वादीला वकील नसेल तर परिस्थिती पाहून कोर्ट वकील नेमून देऊ शकतं. यासाठी अर्ज करा, कोर्टाला आठवण करून द्या. नकला आणि झेरॉक्स यांचा खर्च मात्र स्वतःचा धरून चला.

मुदतीची काळजी अनेकांना असते. मुदत कायद्याच्या कलम ३ प्रमाणे निर्धन व्यक्तीचा दावा अर्ज दिला त्या दिवशी दाखल झाला असं धरतात. अर्जाची चौकशी वर्षभर चालली तरी मुदत वाया जात नाही. अर्ज नामंजूर झाला तर नियम १५-अ प्रमाणे फी भरायला वेळ मागता येतो, आणि त्या वेळेत भरली तरी दावा अर्जाच्या तारखेचाच राहतो. हा वेळ त्याच दिवशी, त्याच कोर्टात, तोंडी तरी मागा. घरी गेलात आणि महिन्यानं नवा अर्ज घेऊन आलात तर नियम १५ आडवा येतो, तसाच दुसरा नादारीचा अर्ज चालत नाही.

आणि उधारीची वसुली. वादी जिंकला तर न भरलेल्या फीचा हिशेब हुकूमनाम्यात होतो, कोर्ट ज्याला सांगेल त्यानं ती सरकारला द्यायची, आणि दाव्याच्या वस्तूवर तिचा पहिला बोजा. हरला तर वादीलाच भरायचा आदेश होतो. हुकूमनाम्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करता येते. हे मी सगळ्यांना आवर्जून सांगतो, कारण 'माफ झालं' असं समजून घरी गेलेल्या माणसाच्या दारात काही वर्षांनी महसूल खात्याची नोटीस येते तेव्हा तो हादरतो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं त्याला दहाच मिनिटं उरली. भराभर सांगतो.

पहिली सूचना. फाइलिंगच्या खिडकीवर छापील परिशिष्ट ठेवा. एक पान, पाच स्तंभ: मालमत्ता, अंदाजे किंमत, बोजा, जप्तीमुक्त आहे की नाही, आणि कर्ज. मागच्या बाजूला कलम ६० मधली जप्तीमुक्त मालमत्ता सोप्या मराठीत. आज हा कागद प्रत्येक जण आपापल्या समजुतीनं करतो, म्हणून अपुरा करतो, म्हणून आक्षेप निघतो, म्हणून तारीख पडते. त्याच खिडकीवर पाटी लावा की कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. याला कायदा बदलायला नको, जिल्हा न्यायाधीशांचं एक परिपत्रक पुरेल.

दुसरी सूचना, चौकशीची मुदत. विधी सेवा समितीनं एखाद्याला उत्पन्नाच्या निकषावर पात्र ठरवलं असेल, तर तोच माणूस शेजारच्या कोर्टात पुन्हा पहिल्यापासून गरिबी सिद्ध करत का बसतो? समितीचं पत्र हा ऐपतीचा प्राथमिक पुरावा धरावा. कार्यालयीन अधिकाऱ्यानं परिशिष्ट आणि पत्र पाहून अहवाल द्यावा. नियम १-अ मध्येच लिहिलंय की कोर्ट तो अहवाल आपला निष्कर्ष म्हणून स्वीकारू शकतं. सरकारी वकिलांना काही म्हणायचं असेल तर नोटिशीच्या तारखेला म्हणावं, नसेल तर त्याच दिवशी आदेश व्हावा. महसूल खात्याच्या अहवालासाठी तारखांवर तारखा देऊ नयेत. फी बुडत नाही, पहिला बोजा सरकारचाच आहे, आणि माणसाची परिस्थिती सुधारली तर नियम ९ खाली परवानगी काढून घेताही येते. इतकी राखण असताना दारातच एवढी झडती कशाला?

तिसरी. आपला कायदा एक तर पूर्ण फी घेतो, नाहीतर पूर्ण उधार ठेवतो. मघाच्या दुकानातल्या माणसाला चाळीस हजार जमणार नाहीत, पण दहा आज आणि पुढे महिना दोन हजार जमतील. तो पूर्ण निर्धन ठरेलच असं नाही, आणि पूर्ण फी तर भरू शकतच नाही. असे लोक संख्येनं सगळ्यात जास्त, आणि त्यांच्यासाठी कुणी बोलत नाही. संहितेच्या कलम १४९ मध्ये कोर्टाला अधिकार आहे की फी 'संपूर्ण किंवा तिचा काही भाग' कुठल्याही टप्प्यावर भरू द्यावी, आणि भरली की कागद पहिल्यापासून पूर्ण फीचा समजावा. म्हणजे हप्त्यांची सोय आजच्याच कायद्यात बसते. मी म्हणतो, ती मागण्याचा छापील अर्ज खिडकीवर असावा आणि हप्ते ठरवण्याचा साधा तक्ता असावा. तोवर तुम्ही कोऱ्या कागदावर मागा. अर्जाचं शीर्षक 'कलम १४९ खाली कोर्ट फी टप्प्याटप्प्यानं भरण्यास परवानगी मिळण्याबाबत'. त्यात आज किती भरता, पुढे कोणत्या तारखांना किती, हे आकड्यांत लिहा, आणि पहिला हप्ता अर्जाबरोबरच भरा. नुसतं 'सवड मिळावी' असं लिहिलेला अर्ज कोर्टाला टाळाटाळ वाटतो.

अपिलाबद्दल प्रश्न आलाय, एका वाक्यात उत्तर देतो. आदेश ४४ प्रमाणे, खालच्या कोर्टात नादार म्हणून परवानगी मिळाली असेल तर हुकूमनाम्यानंतरही परिस्थिती तीच आहे असं प्रतिज्ञापत्र द्या, पुन्हा चौकशी होत नाही, मात्र सरकारी वकिलांनी किंवा समोरच्यानं ते नाकारलं तर होते. आणि लोकअदालतीत दावा मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोडीच्या दिवशीच परताव्याचा अर्ज द्या आणि आदेशात तसा उल्लेख करून घ्या, तो राहिला की पुढे हेलपाटे पडतात.

परिशिष्टाच्या कोऱ्या नमुन्याच्या आणि २००४ च्या अधिसूचनेच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. दोन-दोन घ्या, एक भरून बघायला. उद्या सकाळी तालुका समितीच्या कार्यालयात बचत गटाच्या ताईंबरोबर आपण प्रत्यक्ष अर्ज भरणार आहोत. येताना पासबुक, पगाराची चिठ्ठी आणि कर्जाचा खातेउतारा आणा, सातबारा असेल तर तोही.